जंगलातलं खाऊन जंगल वाचते कसं? टेकोडे, मोह आणि चारोळीचा हिशोब

मागच्या ऑगस्टमध्ये नागपूरच्या गोकुळपेठ मार्केटच्या बाहेर एक मावशी टेकोडे, म्हणजे रानातले मशरूम, घेऊन बसली होती. पळसाच्या पानांवर लहान लहान वाटे लावलेले, टोप्या अजून मिटलेल्या, देठाला माती तशीच. भाव विचारला तर महाग वाटला, आणि तोंडातून निघूनच गेलं की मावशी, बटन मशरूम तर याच्या अर्ध्यात मिळते. ती काही चिडली वगैरे नाही. म्हणाली, "ते शेडमंदी होते बाई. हे लावता येत नाही. हे वारुळावर येते, तेही त्याच्या मनात आलं तर."

दोन वाटे घेऊन घरी आले तर भाऊ आलेला होता आणि त्याच्या मोबाईलवर रानभाजी महोत्सवाचा मेसेज आलेला होता. कृषी विभाग २०२० पासून ९ ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास जिल्ह्याजिल्ह्यात हा महोत्सव भरवतो, नागपुरातही गर्दी होते. मेसेजमध्ये लिहिलं होतं की रानातलं खा, गावाला रोजगार मिळेल आणि जंगलही वाचेल. भाऊ म्हणाला, "ताई, रोजगाराचं समजलं. पण जंगलातलं तोडून आणून खाल्लं तर जंगल वाचते कसं? ते तर कमी व्हायला पाहिजे ना?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. "वाचते" एवढं म्हणून सोडून देणारे खूप आहेत, पण कधी वाचते आणि कधी वाचत नाही हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी, रानातलं खाणं म्हणजे काय काय

सरकारी कागदावर याला "गौण वनोपज" म्हणतात. लाकूड सोडून जंगलातून जे काही मिळते ते सगळं यात येते: फुलं, फळं, पानं, बिया, कंद, मध, डिंक, लाख, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूसुद्धा. हा शब्द एवढ्यापुरताच लक्षात ठेवा, पुढे मी आपलं साधं रानमेवा किंवा रानातलं असंच म्हणणार आहे. "गौण" हे लाकडाच्या तुलनेत पडलेलं नाव आहे, घरात ते गौण नसते.

पूर्व विदर्भाचं वर्षच घ्या. होळीच्या आसपास मोह पडायला लागतो, उन्हाळ्यात चारं (ज्यातून चारोळी निघते ती फळं) आणि टेंभरं (तेंदूची फळं) पिकतात, पहिल्या पावसानंतर तरोटा निघतो, मग कुड्याची फुलं, काटवल, टेकोडे, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, आणि हिवाळ्यात आवळा, बोरं, येरोण्या. आता यात एक गोष्ट बघा, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे जुलै-ऑगस्टात रोवणी चालू असते, मागच्या वर्षीचा धान संपत आलेला असतो, नवीन यायला अजून तीन-चार महिने असतात, हातात पैसा नसतो आणि काम सगळ्यात जास्त असते, आणि नेमकं त्याच दिवसात जंगल ताटात काही ना काही टाकते. आपल्यासाठी ती वर्षातून एकदाची हौस आहे, तिकडे त्यावर महिने निघतात.

टेकोडे शेडमध्ये का होत नाहीत

मावशी म्हणाली ते शंभर टक्के खरं आहे आणि त्यामागचं कारण फार सुंदर आहे.

आपण ज्याला उधई म्हणतो ती वाळवी वाळलेला पाला, काड्या, लाकूड गोळा करून वारुळात नेते. काही जातींच्या उधईला हे सगळं स्वतःला नीट पचवता येत नाही, म्हणून ती अर्धवट पचलेल्या पाल्याची, मधाच्या पोळ्यासारखी भोकाभोकांची एक चवड वारुळाच्या आत रचते आणि त्यावर एक बुरशी वाढवते. बुरशी तो पाला कुजवून मऊ करते आणि उधई ते खाते. म्हणजे जमिनीखाली उधईचं शेतच आहे म्हणा ना. पाऊस नीट लागला, माती भिजली, हवेत उकाडा राहिला की तीच बुरशी माती फोडून वर छत्री काढते. तेच आपले टेकोडे, गडचिरोली-चंद्रपूरकडे यातल्या एका प्रकाराला सात्या म्हणतात. उधई नाही तर ही बुरशी नाही, म्हणूनच बटन मशरूमसारखी हिची शेती बसवता आलेली नाही.

आता याचा अर्थ काय होतो ते बघा. पाला जाळला तर उधईला खायला नाही, जमीन नांगरली तर वारूळ गेलं, औषध मारलं तर उधईच गेली. मावशीच्या त्या दोन वाट्यांच्या मागे न जळलेला पाला, न उकरलेली जमीन आणि डोक्यावर सावली धरणारी झाडं एवढं सगळं उभं आहे. जंगल उभं आहे तोवरच तिची टोपली भरते, आणि हे तिला माहीत आहे, दरवर्षीच्या जागा ती डोक्यात ठेवते आणि तिथे कोणाला कुदळ मारू देत नाही.

भावाला मी हे गाईचं उदाहरण देऊन सांगितलं. दुभती गाय कोणी कसायाला विकत नाही, कारण ती रोज देते. लाकूड विकणं म्हणजे गाय विकणं, पैसा एकदम येते आणि संपते. रानमेवा म्हणजे दूध. मोहाचं झाड तर याचा पुरावाच आहे, आपल्याकडे जंगल तोडून शेतं झाली तेव्हा बाकी सगळं तोडलं पण बांधावरचे मोह ठेवले, आजही रामटेक-देवलापारकडे जाताना शेतात एकटे उभे असलेले मोह दिसतात. जे झाड पोट भरते त्याच्यावर कुऱ्हाड उचलत नाही माणूस.

पण गाईचं सगळंच दूध काढून घेतलं तर?

हा खरा आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. दूध काढणारा एक सड वासरासाठी सोडतो. रानमेव्यात तो सड सोडला जातो का, हे प्रत्येक वस्तूचं वेगळं आहे, सगळ्याला एकच नियम लावता येत नाही.

तरोट्यासारखी भाजी कितीही खुडा, ती पडीक जागेत तणासारखी येते, थोड्या दिवसात पानं जून होऊन कडू पडतात, मग कोणी हात लावत नाही आणि तिचं बी आपोआप पडते. मोहाचं फूल पहाटे स्वतःच गळते, वेचणारा झाडाला हातसुद्धा लावत नाही. गळून पडतो तो फुलाचा रसाळ गर, फळ धरणारा भाग वर फांदीवरच राहते, त्यामुळे फूल वेचल्यानं पुढच्या झाडाचं काही जात नाही. फुलांमागून फळ येते, त्यातल्या बियांना टोळी म्हणतात, त्याचं तेल निघते. तिथे मात्र थोड्या बिया सोडाव्या लागतात, कारण बीच नाही उरलं तर नवीन मोह येणार कुठून. आजही अनेक गावात जुने मोठे मोह दिसतात पण त्यांच्या खाली लहान रोपटी दिसत नाहीत, जे उगवते ते गुरं खातात नाहीतर आगीत जाते. याची काळजी मला सगळ्यात जास्त वाटते, कारण म्हातारी झाडं अजून फुलतात म्हणून कोणाला धोका दिसत नाही.

वास्त्याचं गणित अजून नाजूक आहे. वास्ता म्हणजे पुढच्या वर्षीचा बांबूच, एका रांझीतले, म्हणजे बांबूच्या बेटातले, सगळे कोंब कापले तर ती रांझी म्हातारी होत जाते. म्हणून बाजारात वास्त्याचे ढीगच्या ढीग दिसले तर मला तरी आनंद होत नाही.

आणि चारोळी. चाराचं फळ पिकायच्या आधीच ओरबाडून नेतात, काही ठिकाणी फांद्याच तोडून खाली आणतात. फळ कच्चं, म्हणजे आतली चारोळी भरलेली नाही, म्हणजे भाव कमी, वरून झाडाचं नुकसान आणि पाखरांनाही काही नाही. यात कोणाचाच फायदा नाही, तरी असं का करतात?

कारण गाय कोणाची हेच ठरलेलं नव्हतं

अज्ञान आहे म्हणून करतात असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. पण विचार करा, मी पिकायची वाट बघितली आणि तोवर शेजारच्या गावचा माणूस कच्चं तोडून घेऊन गेला तर? मग मी त्याच्या आधीच तोडीन. झाड कोणाचंच नसलं, किंवा फक्त सरकारचं असलं, की वाट बघणारा माणूस मूर्ख ठरते. इंग्रजांच्या काळापासून, १९२७ च्या वन कायद्याखाली, जंगल हे खात्याचं आणि गावकरी हा त्यात शिरलेला माणूस असाच हिशोब होता, स्वतःच्या रानात मोह वेचणाऱ्या बाईला आपण चोरी करून राहिलो असं वाटावं अशी परिस्थिती होती.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं हे बदललं. त्यातला "सामूहिक वनहक्क" हा भाग समजून घेण्यासारखा आहे: गाव ज्या जंगलावर पिढ्यानपिढ्या जगत आलं, त्यातल्या रानमेव्याची मालकी गावाची, विकायचा हक्क गावाचा, आणि त्याबरोबर ते जंगल राखायची जबाबदारीही ग्रामसभेची. हक्क आणि राखण एकाच कागदावर आहे, आणि सगळी गंमत त्यातच आहे.

आपल्या विदर्भानं यात देशाला रस्ता दाखवला हे नागपूरकरांना माहीत पाहिजे. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा ज्या गावांना मिळाला त्यातलं हे. तरी बांबू विकायचा वाहतूक परवाना मिळायला २०११ उजाडलं, तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा कुठे तो ग्रामसभेच्या हातात पडला. आज गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांकडे हे हक्क आहेत.

पण माझं सगळ्यात आवडतं उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं आहे. २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर या गावानं बसून जंगलाचे स्वतःचे नियम लिहिले आणि तेंदूपानं तोडणं बंद केलं. तेंदूपान म्हणजे विडीचं पान, उन्हाळ्यातला सगळ्यात हुकमी रोख पैसा, तो सोडला! का, तर चांगली कोवळी पानं यावी म्हणून झुडपं छाटतात, खाली आग लावतात, आणि मग झाडाला टेंभरं लागत नाहीत. टेंभरं माणसं खातात, पाखरं खातात. गावानं म्हटलं बांबूच्या कामात मजुरी मिळते, आपल्याला पानापेक्षा फळ पाहिजे. कोणताही अधिकारी हा नियम वरून लादू शकला नसता, लादला असता तर कोणी पाळला नसता.

अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर आहे. २०१२ मध्येच हक्क मिळाला तेव्हा जंगल उजाड होतं, गावानं ते राखलं, झाडं वाढवली, आणि तिथल्या सीताफळाला "नॅचरल्स मेळघाट" असं स्वतःचं नाव लावून मुंबईपर्यंत पाठवलं. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार या गावाला मिळाला. सीताफळ काही दुर्मीळ फळ नाही, आपल्याकडे टोपलीनं मिळते, फरक एवढाच की झाड कोणाचं हे ठरलं.

मग पैसा गावात का दिसत नाही

कारण हक्क मिळाला म्हणजे भाव मिळाला असं होत नाही. चारोळीचंच बघा, इतवारीत किराणा दुकानात ती हजार-दीड हजार रुपये किलोच्या वर जाते, बासुंदीवर आपण चिमटीनं टाकतो. जंगलातून येताना ती चारोळी नसते, चाराचं फळ असते. ते भिजवायचं, चोळून साल काढायची, बी वाळवायचं, जात्यात हलक्या हातानं दळायचं म्हणजे कवच फुटते आणि आतला दाणा अख्खा राहते, मग पाखडायचं. हे ज्याच्या दारात होते त्याच्या दारात पैसा जाते. गावातून कवचासकट बी विकलं गेलं तर मोठा हिस्सा गावाबाहेरच राहणार. बस्तरमध्ये एके काळी व्यापारी चारोळीच्या बदल्यात मीठ द्यायचे ही गोष्ट त्या भागात अजून सांगतात.

मोहाचंही तेच. घरात पैसा नसतो म्हणून फूल वाळल्या वाळल्या विकावं लागते, सगळे एकाच वेळी विकतात म्हणून भाव पडते, आणि पावसाळ्यात घरी लागलं तर तेच महाग घ्यावं लागते. म्हणजे गावाला सगळ्यात आधी लागते ते साधं कोरडं गोदाम आणि चार महिने थांबता येईल एवढा हातउसना पैसा, मग मशीन, पॅकिंग, ब्रँड. केंद्राची वन धन योजना एप्रिल २०१८ मध्ये छत्तीसगडच्या बिजापूरमधून सुरू झाली ती यासाठीच, बचत गटांनी मिळून माल स्वच्छ करायचा, प्रक्रिया करायची आणि एकत्र विकायचा. कल्पना चांगली आहे, पण माझ्या मते शेड आणि मशीन देऊन काम संपत नाही, माल घेणारा ठरलेला पाहिजे. आमच्या ओळखीच्या एका बचत गटानं खूप मेहनतीनं मोहाचे लाडू केले, चव अप्रतिम, आणि एका मोठ्या प्रदर्शनानंतर वर्षभर एकही ऑर्डर आली नाही. त्या बायकांचे चेहरे मला अजून आठवतात.

मोह म्हणजे दारूच ना?

आपल्याकडे मोह म्हटलं की पहिलं हेच डोक्यात येते, कायद्याच्याही डोक्यात तेच होतं. दारू होते म्हणून फुलांच्या साठवणुकीवर, वाहतुकीवर कित्येक वर्षं बंधनं होती, २०२१ मध्ये राज्य सरकारनं ती उठवली. पण वाळलेलं मोहफूल म्हणजे मनुकेसारखी गोष्ट आहे, निम्म्याहून जास्त साखरच. माझी आजी भंडाऱ्याची, ती फुलं भाजून तिळासोबत कुटायची आणि लाडू वळायची, त्या वासानं आम्ही शाळेतून पळत यायचो. द्राक्षाची वाईन होते म्हणून द्राक्षाला कोणी नावं ठेवत नाही, मोहालाच का ठेवायची?

आणि वाघाचं काय

हे टाळून पुढे जाता येणार नाही. मे २०२५ मध्ये चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मोह आणि तेंदूच्या हंगामात, मार्च ते मे, अशा बातम्या दरवर्षी येतात. कारण साधं आहे, पहाटे किंवा सकाळी लवकर माणूस एकटा, वाकलेला, झुडपात असते, आणि वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसते.

दुसरा धोका आगीचा. मोह वेचायला जमीन साफ दिसावी म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, ती आग पसरते, आणि मघाशी सांगितलेले टेकोडे, रोपटी, पाखरांची घरटी सगळं त्यात जाते. म्हणजे एका रानमेव्यासाठी बाकीचा रानमेवा जळते.

दोन्हीवर मिळून एक साधा उपाय आहे, झाडाखाली जाळी बांधणं. फूल जाळीत पडते, पाला जाळावा लागत नाही, माती लागत नाही म्हणून माल स्वच्छ आणि भाव बरा, आणि दोन-तीन तास वाकून वेचायच्या ऐवजी उजेड पडल्यावर चार जणींनी मिळून जायचं, जाळी गोळा करायची आणि परत यायचं. वाघाचा धोका यानं शून्य होत नाही, पण वाकून बसायचा वेळ तर कमी होते. महोत्सवाच्या मंडपावर खर्च होते त्यातला थोडा या जाळ्यांवर व्हावा असं मला मनापासून वाटते.

एवढं सगळं करण्यापेक्षा शेतात लावा ना

काटवल आता शेतात लावतात, आवळ्याच्या बागा आहेतच, आणि कोरडवाहू शेतकऱ्याला त्यातून दोन पैसे मिळत असतील तर चांगलंच आहे. पण मोहाला फुलायला आठ-दहा वर्षं लागतात, टेकोड्याचं तर वर सांगितलंच. आणि ज्याच्याकडे शेतच नाही किंवा एकरभर आहे त्याला जंगल हाच आधार आहे. सगळं शेतात गेलं तर जंगल राखायला त्याच्याकडे कारण काय उरणार?

नागपुरात राहून आपण काय करायचं

भावानं शेवटी हेच विचारलं. मी म्हटलं, पहिलं म्हणजे घासाघीस करू नको. दुसरं, शक्य असेल तिथे ज्यानं वेचलं त्याच्याकडूनच घे, आणि लाडू, मध, चारोळी घ्यायची तर गावाच्या गटाकडून घे, आणि वर्षातून एकदा नाही, दर दोन महिन्यांनी घे. तिसरं, हंगामात घे: चारं पिकलेली काळी दिसतात, हिरवी कच्ची कोणी विकत असेल तर घेऊच नको, आपण घेतली नाही तर तोडायची घाईही कमी होईल. आणि टेकोडे फक्त ओळखणाऱ्या माणसाकडूनच, स्वतः रानात जाऊन मोबाईलवर फोटो बघून आणायचे नाहीत, विषारी जाती हुबेहूब दिसतात, जीव जाते.

मग आम्ही ते दोन वाटे करायला घेतले. माती पाण्याखाली हलक्या हातानं काढायची, टोपी हातानंच फाडायची, कांदा परतून थोडं तिखट-मीठ, मसाला अजिबात नाही, आणि झाकण ठेवून त्याच्याच पाण्यात शिजू द्यायचं. भावानं भाकरीसोबत खाल्लं आणि विचारलं की ती मावशी उद्या बसते का. मी सांगितलं, पाऊस पडला तर.